छत्रीवालीची पूर्वकथा

दिग्दर्शकाचा मुंबईहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर उन्हात मेथी निवडत बसले होते. मी सिनेमाच्या पटकथा लिहिते. राहते नाशकात, आणि कामापुरती मुंबईला जाऊन येते. या दिग्दर्शकाबरोबर आधी एक सिनेमा केला होता, त्यामुळे तो थेट मुद्द्यावर आला.

"तुमच्या नाशकात पूर्वी मुलांचं एक मासिक निघायचं. त्यातल्या चित्रकथेचे हक्क आपण घेतलेत. सुपरहिरो आहे, वाफेचा. ढगातून उतरतो."

"माहितीये," मी म्हणाले.

"हिरोचं सगळं लिहून झालंय. गाडी अडलीये साईडकिकपाशी. ती छत्रीवाली मुलगी आहे ना, तिला बॅकस्टोरीच नाहीये. कोणाची, कुठली, त्याच्याबरोबर का फिरते, काहीच नाही. एका अंकात नव्हती, पुढच्या अंकात आहे. असं सिनेमात कसं चालेल? ते तू शोध. नाहीतर लिही."

फोन ठेवला. हातातल्या काडीची पानं खुडायची राहून गेली.

माझं लहानपण मखमलाबादच्या बाजूला गेलं. वडील गुलाब आणि शेवंती लावायचे. फुलं बाजारात घालून परत येताना महिन्यातून एकदा ते मासिक घेऊन यायचे, रिकाम्या ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. त्यामुळे आमच्या अंकाची पानं कायम दमट असायची आणि त्यांना गुलाबाच्या देठांचा वास यायचा. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत बसून मी ते वाचायचे. चित्रकथेतल्या नायकाला एक भारदस्त नाव होतं, पण आम्ही मुलं त्याला नुसतं 'तो' म्हणायचो. वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून जी पांढरी वाफ निघते, तिच्यातून तो जन्मला होता. कुणी अडचणीत सापडलं की तो खाली यायचा, आणि काम झालं की विरघळून जायचा. जाण्याआधी मात्र पुष्कळ बोलायचा.

मला तो फारसा आवडत नव्हता. मला आवडायची ती. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, डोक्यावर मोठी काळी छत्री. ती फार बोलायची नाही. त्याचं बोलणं तीन-तीन फुग्यांत मावायचं नाही आणि तिच्या फुग्यात असायचं, "हं, चला." काम झाल्यावर तो आकाशात जायचा आणि ती रस्त्यावर उभी राहायची. पुढे? तिचं घर दाखवणारी चौकट कधीच आली नाही. मी डोळे मिटून पडले की ती आमच्या शेवंतीच्या वाफ्यांमधून चालत यायची आणि मोटारीच्या खोलीच्या मागे दिसेनाशी व्हायची. सकाळी उठून मी तिथे जाऊन पाहायचे. ओली माती आणि पाइपाचे तुकडे, एवढंच असायचं.

साईडकिकला आपल्याकडे काय म्हणायचं हा प्रश्न मला तेव्हा पडायचं कारण नव्हतं, पण आता लिहायला बसले आणि पडला. सोबती म्हणावं तर दोघं बरोबरीचे वाटतात. हरकाम्या म्हटलं तर पाणी भरणारा डोळ्यांपुढे येतो. सवंगडी जरा जवळचं वाटलं, पण तेही कृष्णाच्या गाईंमागे निघून गेलं. शेवटी मी कागदावर 'छत्रीवाली' एवढंच लिहिलं आणि ती चित्रकथा काढणाऱ्या चित्रकारांचा पत्ता मिळवला.

ते नाशिकरोडलाच निघाले. आयुष्यभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे. निवृत्त झाल्यावर कॉलनी सोडून इथे फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. बारीक चणीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या.

"ये. सिनेमावाली ना तू? ते वाटच बघतायत. पण एक सांगते, त्यांचं आठवण्यात आता जरा पुढंमागं होतं. मनावर घेऊ नकोस."

काका खिडकीशी बसले होते. त्या खिडकीतून लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि हवा थंड असली की टॉवरची वाफही. ऐंशी ओलांडलेले, अंगात स्वेटर, मांडीवर टॉवेल. मी कौतुकाचं काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुला त्यातलं कोण आवडायचं?"

"छत्रीवाली."

ते इतके खूश झाले की त्यांनी काकूंना हाक मारून ते पुन्हा ऐकवलं. मग मी विचारलं, "काका, ती आली कुठून?"

"हरसूलहून," ते लगेच म्हणाले. "हापिसातल्या एकाच्या लग्नाला गेलो होतो. बाजाराचा दिवस. धुकं असं, की समोरची बैलगाडी दिसेना. मला रस्त्याच्या कडेला एक भलं मोठं काळं अळंबं दिसलं. जवळ गेलो तर छत्री. तिच्याखाली एक पोरगी नागलीच्या पोत्याला टेकून झोपलेली. रुंद नाक, डोळे किलकिले. मी वाकून बघतोय तर म्हणाली, 'काय पायजे?' मी म्हटलं, काही नको. घरी आलो आणि काढली."

मी तृप्त होऊन घरी आले. धुक्यातलं अळंबं! त्या रात्रभर माझ्या झोपेत छत्र्या उगवत होत्या. पण दिग्दर्शकाला सांगितलं तर तो म्हणाला, "छान आहे. पण यात झालं काय? ती झोपली होती. मग?"

म्हणून आठवड्याने मी पुन्हा गेले आणि पुन्हा विचारलं. काका तितक्याच खात्रीने म्हणाले, "ती गोदावरीच्या पुरात आली. उलट्या छत्रीत बसून. नाव यावी तशी गोल गोल फिरत आली आणि घाटाच्या पायरीला लागली. सगळे बघत होते, पण काठी पुढं केली ती मी."

मी काकूंकडे पाहिलं. त्या शांतपणे लसूण सोलत होत्या.

तिसऱ्या खेपेला काका कमी बोलले. खिडकीबाहेर वाफ सरळ वर चढत होती, वारा अजिबात नव्हता. ते तिच्याकडे पाहत म्हणाले, "माझी धाकटी बहीण होती. तापात गेली. पावसाळ्यात. तिला छत्री फार प्रिय, घरातसुद्धा उघडून बसायची. आई रागवायची. ती गेल्यावर छत्री कुणी मिटलीच नाही. कोपऱ्यात तशीच उघडी. मग मी तिला कथेत आणली."

व्हिडिओ कॉलवर दिग्दर्शक खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "हेच! हेच पाहिजे होतं मला. डेड सिस्टर. हिरो माणूस असताना त्याची बहीण गेली, तो वाफ झाला, आणि मग वाफेतून ती छत्री त्याच्याकडे परत येते. लिही. आजच बस."

मी लिहिलं. खरं तर ते मला आपसूक सुचत गेलं. कोपऱ्यातली उघडी छत्री, तिच्यावर साचणारी धूळ, तिच्या तारांमधून खाली उतरणारा कोळी. मी लिहिताना दोनदा उठून तोंड धुऊन आले. पण कुणाच्या घरातलं दुःख असं पडद्यावर न्यायचं तर आधी त्यांच्या कानावर घालायला हवं, म्हणून छापील पानं घेऊन मी एका दुपारी नाशिकरोडला गेले आणि दोघांसमोर बसून ती वाचली.

काका ऐकता ऐकता रडायला लागले. आवाज नाही, नुसतं पाणी. टॉवेलने डोळे पुसत म्हणाले, "बरोबर. अशीच होती." काकू मधेच उठून आत गेल्या. त्यांनाही सहन झालं नसेल असं वाटून मी थोड्या वेळाने मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्या चहाचं आधण बघत होत्या. गॅस बारीक केला आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"यांना बहीण नव्हती गं."

"काय?"

"हे चौघे भाऊ. सासूबाईंना मुलगी हवी होती. झाली नाही."

"मग ती छत्री? ते कोपऱ्यातलं?"

"ते आता त्यांना आठवतंय. आधी नव्हतं आठवत." काकूंनी कप मांडले. "छत्री माझी."

आणि मग चहा उकळून उकळून काळा होईपर्यंत त्या सांगत राहिल्या.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते. कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. काका कामावरून आले की चित्रं काढायचे आणि काकू फुग्यांमध्ये अक्षरं लिहायच्या, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं. एका थंडीत काकांना कावीळ झाली. पिवळेधमक पडले, उठून बसवेना. मासिकाला पानं द्यायची वेळ आली आणि छापखान्याचा माणूस सायकलवर येऊन विचारून गेला.

"मी म्हटलं, मी काढते. त्यात काय! पण त्याला कसं काढायचं? ते दंड, ती छाती. दोनदा काढून पाहिला. गव्हाचं पोतं उभं केल्यासारखा दिसायला लागला." काकू हसल्या. "मग म्हटलं, तो आजारी आहे असंच दाखवू. आहेच की! ढगात गोधडी पांघरून पडलाय. गोधडी मला काढता येत होती. त्याचं काम कुणीतरी करायला पाहिजे, म्हणून मुलगी काढली. वेण्या येत होत्या, रांगोळीत काढतो तशा. चेहरा काही जमेना. म्हणून दिली छत्री. अर्धं वर्तुळ आणि दांडी. चेहरा झाकला की काम झालं."

त्यांनी मला त्या अंकाची गोष्ट सांगितली, आणि ऐकता ऐकता मलाही तो आठवत गेला. तो माझ्या जन्माच्या आधीचा, पण मामाच्या घरी जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात मी वाचला होता. एका डोंगरातल्या गावाकडे ढग जातच नसतात. 'तो' आजारी, त्यांना हाकणार कोण? मग छत्रीवाली पायी निघते. ती पुढे, आणि ढग तिच्या मागे, शेरडांसारखे. वाटेत एखादा मागे राहिला की ती थांबते. सगळ्या चौकटींत ती पाठमोरी किंवा छत्रीखाली. लहानपणी मला वाटायचं की चेहरा मुद्दाम लपवलाय, त्यात काहीतरी मोठं गुपित आहे.

"मुलांची ही एवढी पत्रं आली," काकू म्हणाल्या. "छत्रीवाली पुन्हा आणा म्हणून. हे बरे होऊन बसले तेव्हा मी अंक हातात दिला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'हिचा चेहरा कसाय?' मी म्हटलं, मला काय ठाऊक, तुम्ही काढा. मला आपलं वाटलं, माझाच काढतील." त्यांनी पदराने हात पुसले. "नाही काढला. रुंद नाकाची, डोळे किलकिले केलेली, कुणी भलतीच काढली. कोण ही, विचारलं, तर म्हणाले, 'हीच ती.' मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी."

रुंद नाक. किलकिले डोळे. म्हणजे हरसूलच्या धुक्यात कुणीतरी खरंच झोपलेलं असावं. छत्री काकूंची, चेहरा बाजारातल्या मुलीचा, आणि आता या म्हातारपणी तिला एक मरण मिळालं होतं, तेही कुणाचं नसलेलं.

"काकू, तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. आणि मासिकात यांचं नाव यायचं, ते दोघांचंच की."

"पण बहिणीचं ऐकून तुम्ही गप्प बसलात."

"रडले ना ते? मनापासून रडले. आता त्यांच्यापुरती ती बहीणच आहे. मी कशाला मोडू?" मग गाळणं घेत म्हणाल्या, "तुला मात्र सांगायला हवं होतं. तू सिनेमा करतेयस."

बाहेर काका विचारत होते, "चहाचं काय झालं?"

दिग्दर्शकाला मी फोनवर सगळं सांगितलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "सुपरहिरोला कावीळ?"

"ताप म्हणू हवं तर."

"अगं, लोक थिएटरात उडणारा माणूस बघायला येणार, आणि तू त्याला गोधडीत घालतेयस? बहीण काय वाईट होती? इमोशन तयार होतं त्यात."

"ती आधीही शंभरदा मेलीये," मी म्हणाले. "बहीण, आई, बायको, गुरू. दर सिनेमात कुणी ना कुणी मरतं आणि मग हिरो उभा राहतो. इथे हिरो आडवा पडलाय म्हणून कुणीतरी उभं राहतंय. हे मी कुठे पाहिलेलं नाही."

त्याला पटलं नाही. पुढे बरेच दिवस त्याच्याकडून काही आलं नाही, आणि मी मनातून हे काम सोडूनही दिलं. सकाळी फिरायला जायचे तेव्हा गंगापूर रोडच्या पलीकडे द्राक्षबागांवर धुकं बसलेलं असायचं आणि मांडवाच्या तारांखालून कुणी चालत गेल्यासारखं वाटायचं. बघितलं तर औषध फवारणारा माणूस असायचा. मला वाईट वाटायचं ते पैशाचं किंवा सिनेमाचं नव्हतं. ती आता कुठे जाईल, हा लहानपणचाच प्रश्न पुन्हा येऊन बसला होता.

मग एका रविवारी दिग्दर्शक न कळवता नाशकात आला. म्हणाला, मला त्यांना भेटव. आम्ही दोघं नाशिकरोडला गेलो. काका जेवून झोपले होते. काकूंनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि मग आपणहून कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं करून त्यावर छत्री काढून दाखवली. अर्धं वर्तुळ, दांडी, खाली दोन वेण्या, फ्रॉक, दोन काड्यांचे पाय. एवढंच. पण ती चालत होती. कुठल्या रेषेमुळे ते सांगता येणार नाही, पण चालत होती.

तो ते पान हातात घेऊन बसला. म्हणाला, "म्हणजे तो बरा होईपर्यंत आपल्याला तिचा चेहरा दिसतच नाही."

"नाहीच," काकू म्हणाल्या.

"आणि तो डोळे उघडतो, तेव्हा पहिल्यांदा दिसतो. त्याला आणि आपल्याला."

"हो. असंच झालं होतं."

परतीच्या वाटेवर तो गाडीत खूप बोलला, मी ऐकत होते. गोधडी राहिली. बहिणीची पानं काढून टाकली. फक्त एक जागा मी ठेवून घेतली, काकांसाठी. तापाच्या ग्लानीत 'तो' विचारतो, "तू माझी बहीण का गं?" आणि छत्रीखालून उत्तर येतं, "म्हणा हवं तर." दिग्दर्शकाने त्यावर खूण करून ठेवली होती, कापायची म्हणून. मग त्यानेच ती खूण खोडली.

चित्रीकरण सुरगाण्याच्या बाजूला झालं. भात काढून झालेलं, उतारावरची खाचरं रिकामी, पिवळी. मुलगी तिकडच्याच एका शाळेतली निवडली होती. त्या दिवशी मी काका-काकूंना गाडीने घेऊन गेले. पोचलो तेव्हा खालच्या दरीतून खरंच धुकं वर आलं होतं आणि धुराची यंत्रं नुसतीच बाजूला ठेवलेली होती. सगळे हळू बोलत होते. एवढी माणसं, जीपगाड्या, दिवे, आणि तरी झोपेत ऐकू यावं तसा आवाज.

काकांना खुर्ची दिली. मुलगी फ्रॉक घालून, छत्री काखेत मारून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ते तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

"तुला कुठंतरी पाहिलंय," ते म्हणाले. "तू कुठली गं?"

"मी हितलीच हाये," ती म्हणाली, आणि हसली. हसताना तिचे डोळे बारीक झाले.

काकांनी मान डोलावली. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं असावं.

पहिल्या शॉटला मुलगी छत्री उघडून खाचरांच्या बांधावरून वर चालत गेली आणि धुकं तिच्या मागोमाग सरकत गेलं. कुणी सांगून सरकत नव्हतं. कट झाल्यावर दिग्दर्शक सगळ्यांदेखत काकूंजवळ आला. "काकू, बरोबर आहे का?"

काकूंनी जरा विचार केला. "भरभर चालतेय. मागच्यांचं भान ठेवून चालायला सांग."

त्याने मुलीला तसंच सांगितलं. दुसऱ्या वेळी ती दोनदा थांबली, मागे न बघता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मेकअपवाल्या बाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. मला वाटलं सर्दी झालीये.

आता संकलन चाललंय. पडद्यावर कथाकार म्हणून दोघांची नावं येणार आहेत. काकू आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, येऊ दे, पण यांचं वर लिहा, नाहीतर शोधत बसतील.

सुरगाण्याहून परतताना रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीवाल्या बाया बसल्या होत्या. काकांनी गाडी थांबवायला लावली. मागच्या सीटवर बसून ते एकेक फळ सावकाश खात होते. बोटं लाल झाली, स्वेटरवर डाग पडला, आणि काकू काही बोलल्या नाहीत. दिंडोरीच्या अलीकडे ऊन कलतं झालं. काकांनी विचारलं, "आपण कुठं गेलो होतो गं?"

"फिरायला," काकू म्हणाल्या.

"मजा आली का?"

"आली की."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी शेवटची स्ट्रॉबेरी काकूंपुढे धरली.